कूलंट कमी होतंय, थेंब कुठेच दिसत नाही: दाबावरून दोष कसा पकडायचा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. दर काही आठवड्यांनी टाकीतली कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी खुणेच्या खाली जाते, मालक भर घालतो, गाडी व्यवस्थित चालते, तापमानाचा काटा मध्यावर असतो आणि गाडीखालची जमीन कोरडी ठणठणीत. कुणाला विचारलं तर दोनपैकी एक उत्तर मिळतं: "जुन्या गाडीत एवढं होतंच, घालत राहा" किंवा "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग; तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट.) पहिल्या उत्तरापायी चांगलं इंजिन हकनाक जातं आणि दुसऱ्यापायी न बिघडलेलं हेड खोललं जातं. प्रत्यक्षात मधे बरीच तपासणी करता येते आणि तिच्यातली निम्मी तर नुसत्या हातानं होते.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कूलंट गेलं कुठे हे शोधायला खाली वाकण्याआधी, कूलिंग सिस्टिममधला दाब केव्हा चढतो, किती चढतो आणि केव्हा उतरतो ते पाहा. दाब टिकत नसेल तर कूलंट कुठून तरी बाहेर चाललंय. दाब नको तेवढा आणि नको त्या वेळी चढत असेल तर इंजिनातला वायू कूलंटमध्ये घुसतोय. हा फाटा आधी ठरला की पुढची अर्धी शोधाशोध वाचते.

दाब मुळात लागतो कशाला

कॅपवर बहुतेक वेळा आकडा छापलेला असतो: ०.९, १.१, १.४ असा काहीतरी. हा बारमधला दाब. गाडी गरम झाली की कूलंट फुगतं आणि बंद जागेत दाब तयार होतो. कॅपमधली स्प्रिंग तो छापलेल्या आकड्यापर्यंत धरून ठेवते, त्यापुढचा सोडून देते. साधं पाणी उघड्यावर १०० अंश सेल्सिअसला उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असलेलं मिश्रण उघड्यावर साधारण १०७-१०८ अंशांना उकळतं. त्याच मिश्रणावर बारभर दाब असला की उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे सरकतो. काटा मध्यावर असताना कूलंट ९० ते १०५ अंशांच्या आसपास फिरत असतं, पण हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवतीचा धातू त्याहून कितीतरी तापलेला असतो. दाब नसेल तर कूलंट तिथेच उकळायला लागतं. वाफेचे बुडबुडे जागा व्यापतात आणि तेवढंच कूलंट बाटलीत किंवा बाहेर ढकललं जातं. म्हणजे एक थकलेली कॅप एकटीच कूलंट कमीही करू शकते आणि गाडी गरमही करू शकते.

तुमच्या गाडीची रचना दोनपैकी कोणती आहे ते आधी बघा, कारण लक्षणांचा अर्थ त्यावर बदलतो. एका प्रकारात दाबाची कॅप रेडिएटरवरच असते आणि शेजारी बारीक नळीनं जोडलेली साधी बाटली असते; त्या बाटलीत दाब नसतो. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरवर कॅपच नसते, दाबाखालची जाड प्लॅस्टिकची टाकी असते आणि दाबाची कॅप त्या टाकीला असते.

पहिल्या प्रकारात एक फसवणूक होते आणि ती वारंवार बघायला मिळते. कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा, स्प्रिंगचा, जास्तीचा दाब बाटलीकडे सोडतो. मधला छोटा, चकतीसारखा, गाडी थंड होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देतो. हा छोटा व्हॉल्व्ह चिकटला, किंवा बाटलीची बारीक नळी चिरली, तर कूलंट बाटलीत जातं पण परत येत नाही. बाटली काठोकाठ भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून वितभर रिकामा असतो. मालक रोज बाटलीकडे पाहून निश्चिंत राहतो. म्हणून या रचनेच्या गाडीत पातळी बघायची तर गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढून बघायची, बाटलीवर विसंबायचं नाही.

खरंच कमी होतंय का

हा प्रश्न बावळट वाटतो, पण विचारायला हवा. कूलंट थंडचं गरम होताना साधारण चार-पाच टक्के फुगतं. सिस्टिममध्ये सहा लिटर असेल तर पाव लिटरच्या वर फरक निव्वळ तापमानानं पडतो. संध्याकाळी गरम गाडीत पाहिलेली पातळी आणि सकाळी थंड गाडीत पाहिलेली पातळी यांची तुलना करून काहीच कळत नाही. सकाळी, सपाट जागी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाहा. टाकीवर चिकटपट्टीची खूण करा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.

नुकतंच कूलंट बदललं असेल, होज (कूलंटची रबरी नळी) किंवा वॉटर पंपाचं काम झालं असेल, तर पहिल्या काही फेऱ्यांत पातळी उतरते. अडकलेली हवा बाहेर पडून तिची जागा कूलंट घेतं, म्हणून. ती नंतर थांबते. थांबली नाही तर दोष. वर्षाकाठी किंचित घट होजच्या रबरातून आणि जोडांतून होते, तिची काळजी नको. महिन्या-दोन महिन्यांनी भर घालावी लागत असेल तर मात्र कारण आहेच आणि ते सापडतं.

एसी चालू असताना गाडीखाली पडणारं पाणी हे कूलंट नव्हे. त्याला रंग नसतो, वास नसतो, बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागत नाही. कूलंट बुळबुळीत असतं आणि त्याला गोडसर वास येतो. चव घेऊन बघू नका. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या, कारण कुत्री-मांजरं ते गोड म्हणून चाटतात आणि थोड्याशा मात्रेनंही दगावतात.

हातानं दाब वाचणं

या तपासणीला लागतो फक्त रेडिएटरच्या वरच्या बाजूचा जाड होज आणि तुमची बोटं. गरम इंजिनाची कॅप कधीही उघडायची नाही. आत ११०-१२० अंशांचं कूलंट केवळ दाबामुळे द्रवरूप राहिलेलं असतं. कॅप सैल झाली की त्याची क्षणात वाफ होते आणि चेहरा, छाती, हात भाजतात. होज हाताला थंड लागत नाही तोवर कॅपला हात लावू नका. इलेक्ट्रिक फॅन इग्निशन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं आणि कपड्यांची टोकं त्याच्यापासून लांब ठेवा.

पहिली वेळ: सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. आदल्या दिवशी गाडी नीट गरम होईपर्यंत चालवलेली असावी आणि त्यानंतर कॅप उघडलेली नसावी. वरचा होज दाबून बघा. तो मऊ लागला पाहिजे. मग कॅप हळूहळू फिरवा आणि कान द्या. निरोगी गाडीत काही आवाज येत नाही, किंवा हवा आत ओढल्याचा हलका आवाज येतो. हवा बाहेर सुटल्याचा फुस्स आवाज आला आणि टाकीतली पातळी डोळ्यांदेखत वर चढली, तर ही खूण अतिशय मोलाची आहे. उष्णतेनं चढलेला दाब उष्णतेबरोबर उतरतो. रात्रभर गाडी गार झाल्यावरही दाब उरला असेल तर तो उष्णतेचा नव्हता. आत वायू साठलाय. हा वायू बहुतेक वेळा सिलिंडरमधून, म्हणजे इंधन जळतं त्या जागेतून, आलेला असतो.

दुसरी वेळ: त्याच थंड गाडीला कॅप घट्ट लावून सुरू करा आणि आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवा. दोन-तीन मिनिटांत होज पुन्हा दाबा. थर्मोस्टॅट (गरम कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) साधारण ८२ ते ९० अंशांना उघडायला लागतो, त्याआधी वरच्या होजमधलं कूलंट जेमतेम कोमट असतं. अशा वेळी होज मऊच असायला हवा. कूलंट तापायच्या आत होज दगडासारखा टणक झाला तर वायू आत येतोय हे जवळपास ठरलंच.

तिसरी वेळ: गाडी पुरती गरम, फॅन एकदा चालू-बंद झालेला. आता होज टणक पण दाबल्यावर थोडा दबणारा हवा. जाड कापड धरून दाबा, चटका बसतो. गरम गाडीतही होज लुळा असेल तर दाब तयारच होत नाहीये: कॅप गेली किंवा गळती आहे. दाबला जाणारच नाही इतका कडक असेल तर दाब जास्त आहे, किंवा कॅप सोडायला हवा तिथे सोडत नाहीये.

आणि गाडी थंड झाल्यावर वरचा होज चिमटल्यासारखा आत बसलेला दिसला तर कॅपचा छोटा व्हॉल्व्ह उघडत नाही. हे बघून काही जण होज बदलतात. होज निर्दोष असतो, आठवडाभरात नवाही तसाच चिमटतो.

दाब टिकत नाही: बाहेरची गळती

सुरुवात कॅपपासून, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. रबराची कड कडक झालीय का, भेगा आहेत का, ती बसते ती किनार खरवडलेली आहे का ते पाहा. प्रेशर टेस्टरच्या संचात कॅप तपासायचा जोडही असतो. कॅप छापलेल्या आकड्याच्या आसपास सुटली पाहिजे आणि त्याखालचा दाब धरून राहिली पाहिजे. दिसायला नवी कोरी कॅपसुद्धा निम्म्या दाबाला सुटू शकते, त्यामुळे नुसत्या नजरेवर निकाल देऊ नये.

मग टेस्टर सिस्टिमला जोडायचा. हा म्हणजे काटा असलेला हातपंप, कॅपच्या जागी बसतो. थंड इंजिनावर कॅपवरच्या आकड्याइतका दाब भरायचा, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काटा हलला नाही तर थंडमध्ये गळती नाही. हळूहळू उतरला तर दिवा आणि छोटा आरसा घेऊन शोधायला लागायचं. काटा उतरतोय पण बाहेर कुठेच ओल नाही, अशी स्थिती असेल तर ती लिहून ठेवा. आतल्या गळतीचा मुद्दा पुढे आहे.

एकदा थंडमध्ये आणि एकदा गरममध्ये (टेस्टर थंड असतानाच जोडून, मग इंजिन गरम करून), अशी दोनदा ही चाचणी करावी असं मी आवर्जून सांगेन. काही गळत्या फक्त थंडीतच होतात: रबर आणि प्लॅस्टिक आकुंचतं, क्लिप किंचित सैल पडते, आणि गाडी गरम झाली की जोड पुन्हा घट्ट बसतो. काही फक्त गरममध्ये उघडतात, विशेषतः ॲल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेली असते त्या रेडिएटरच्या सांध्यात. एकाच अवस्थेत तपासून "गळती नाही" म्हटलं गेलं की तक्रार महिनाभरात परत येते.

जमिनीवर थेंब का दिसत नाही याचं उत्तर सोपं आहे. बारीक गळती गरम धातूवर होते आणि पाणी जागच्या जागी उडून जातं. मागे राहतो तो कूलंटमधल्या रसायनांचा सुकलेला थर: पांढरट, हिरवट किंवा गुलाबी, कडेला खरखरीत. ओल शोधण्यापेक्षा हा थर शोधा. वॉटर पंपाच्या बाबतीत तर तो खास बघण्यासारखा असतो. पंपाच्या अंगावर, शाफ्टच्या खालच्या बाजूला, एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं यासाठी. आरसा धरून पाहिलं तर भोकाच्या ओठापासून खाली उतरलेला रंगीत ओघळ दिसतो, वरच्या टोकाला दाट आणि खाली फिकट होत गेलेला. नुसता फिकट डाग असेल तर लक्ष ठेवा. ओघळ असेल, पुली हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर पंप बदलायचा. ते भोक बुजवून गळती "थांबवण्याचा" प्रकार मी पाहिलाय. त्यानं कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप अडकतो. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही जातो आणि बऱ्याच इंजिनांत त्यासोबत व्हॉल्व्ह वाकतात.

थर्मोस्टॅटची प्लॅस्टिकची पेटी, होजची टोकं, रेडिएटरचे कोपरे आणि ड्रेन प्लग या नेहमीच्या जागा पटकन बघून होतात. ज्या राहून जातात त्या अशा: इंजिनाच्या मागच्या अंगाला फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) जाणारे हीटरचे होज, ब्लॉकमधले पत्र्याचे गोल कोअर प्लग, थ्रॉटल बॉडीला गरम करणाऱ्या बारीक नळ्या, टर्बोच्या कूलंट नळ्या. केबिनमधला हीटरचा छोटा रेडिएटर गळत असेल तर जमिनीवर काहीच येत नाही. पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, हीटर लावल्यावर गोडसर वास येतो आणि पुढच्या सीटसमोरच्या चटईखाली ओल असते. चटई वरून कोरडी असली तरी उचलून खालचा फोम दाबून पाहा.

इतकं करूनही सापडलं नाही तर कूलंटमध्ये चालणारा फ्लोरोसंट रंग घालून काही दिवस गाडी वापरा आणि अंधारात अतिनील दिव्याखाली पाहा. हा उपाय हळू आहे, पण चिवट गळतीला फार उपयोगी पडतो.

दाब जास्त आहे: वायू आत येतोय

सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी दाब पेट्रोल इंजिनात ५० बारच्या वर जातो, डिझेलमध्ये १०० बारच्याही वर. कूलंट बाजूला दाब एक-दीड बार. त्यामुळे हेड गॅस्केटला बारीक वाट मिळाली की इंजिन चालू असताना वायू सिलिंडरमधून कूलंटमध्ये जातो. इंजिन बंद केल्यावर चित्र उलटतं: सिलिंडर रिकामा, कूलंटमध्ये मात्र अजून दाब आहे, म्हणून कूलंट त्याच वाटेनं सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी सुरू केल्यावर इंजिन काही सेकंद थरथरतं, एक सिलिंडर मिस करतो, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतो आणि थोड्या वेळानं सगळं सुरळीत होतं. गळती बारीक असताना कूलंट कमी होण्याची वाट बऱ्याचदा हीच असते.

थंड हवेत सायलेन्सरमधून वाफ निघणं स्वाभाविक आहे. ती विरते आणि इंजिन तापल्यावर थांबते. सकाळी स्टार्टर अर्ध्या फेऱ्यात धडकल्यासारखा अडला तर मात्र पुन्हा किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये कूलंट साठलेलं असू शकतं. द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

खात्रीसाठी रासायनिक चाचणी आहे. टाकीच्या तोंडावर पारदर्शक नळी बसवतात, तिच्यात निळा द्राव असतो आणि टाकीतली हवा त्या द्रावातून ओढली जाते. त्या हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असला की द्राव पेट्रोल गाडीत पिवळा होतो, डिझेलमध्ये बहुधा हिरवट. कूलंटची पातळी आधी थोडी खाली घ्यावी लागते. कूलंटच द्रावात ओढलं गेलं तर निकाल वाया जातो. इंजिन गरम हवं (नळी थंड असतानाच बसवून मग गरम करा) आणि वेळ द्यायला हवा. गॅस्केटची वाट काही वेळा फक्त चढावर किंवा ओझ्याखाली उघडते, तेव्हा आयडलवर द्राव निळाच राहतो. होजच्या खुणा संशय दाखवत असतील आणि द्राव निळा असेल तर गाडी दामटून चालवून आणा, कॅप उघडण्याजोगी होईपर्यंत थांबा आणि पुन्हा करा.

आता एक सावधगिरी, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. द्राव पिवळा झाला म्हणजे कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू आहे एवढंच सिद्ध झालं. तो गॅस्केटमधूनच आला हे सिद्ध झालं नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत, आणि काही पेट्रोल गाड्यांतही, ईजीआर कूलर असतो: एक्झॉस्टचा गरम वायू कूलंटनं थंड करणारा छोटा डबा. तो आतून चिरला की लक्षणं हुबेहूब गॅस्केटचीच: कूलंट कमी होतं, बाहेर थेंब नाही, पांढरा धूर, आणि ओझ्याखाली एक्झॉस्टचा दाब वाढला की वायू कूलंटमध्ये. एका ओळखीच्या डिझेल गाडीचं हेड याच लक्षणांवर उतरवलं गेलं. हेड फेसिंग झालं (पृष्ठभाग घासून सपाट केला), नवं गॅस्केट बसलं आणि काही दिवसांत टाकीची पातळी पुन्हा उतरायला लागली. शेवटी ईजीआर कूलर काढून पाण्याखाली हवेचा दाब दिला तेव्हा एका टोकाकडून बारीक बुडबुड्यांची सलग माळ निघाली. हा कूलर तपासायला हेड उतरवण्याच्या मानानं कितीतरी कमी खोलावं लागतं. म्हणून ईजीआर कूलर असलेल्या गाडीत आधी तो, मग हेड.

कोणता सिलिंडर ते शोधायला लीक-डाउन टेस्ट सर्वांत चांगली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून त्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि उघड्या टाकीत बघायचं. ज्या सिलिंडरला हवा दिल्यावर टाकीत बुडबुडे येतात तो दोषी. साधी कॉम्प्रेशन टेस्ट यात फसवते. कूलंटकडे जाणारी वाट इतकी बारीक असू शकते की आकडे चारही सिलिंडरचे सारखे येतात.

दुसरा मार्ग प्रेशर टेस्टरचा. दाब भरून रात्रभर ठेवा, सकाळी स्पार्क प्लग काढा आणि बोअरस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) आत सोडा. पिस्टनवर कूलंटचा थेंब किंवा ओला डाग दिसला तर वेगळा पुरावा नको. कूलंट जळणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा चकचकीत स्वच्छ दिसतो. वाफेनं त्याच्यावरचा कार्बन धुतला जातो. बोअरस्कोप नसेल तर इंधन आणि इग्निशन दोन्ही तोडून स्टार्टर फिरवा आणि बाजूला उभं राहून बघा, कोणत्या भोकातून फवारा उडतो ते. भोकावर वाकू नका.

ऑइलमधली पांढरी साय

ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट-पिवळट साय दिसली की अनेकांचा धीर सुटतो. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, गार हवेत, ही साय नुसत्या दमटपणानंही धरते. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल पाहा. ते स्वच्छ असेल, पातळी वाढलेली नसेल, तर साय पुसा, गाडी एकदा लांबवर चालवा आणि पुन्हा बघा. डिपस्टिकवरच ऑइल दुधाळ असेल किंवा पातळी आपोआप वर चढली असेल तर इंजिन सुरू करू नका. कूलंटमिश्रित ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

आणि इथेही गॅस्केटवर उडी नको. कूलंटनं थंड होणारा ऑइल कूलर गाडीत असेल तर तोही आतून फुटतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असल्यानं अशा वेळी तेल टाकीत आधी दिसतं, तपकिरी मळीसारखं. होज टणक होत नसतील, ज्वलनाचा वायू सापडत नसेल, पण टाकीत तेल असेल, तर आधी हा कूलर उतरवून तपासा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आत असलेल्या गाडीत गिअर ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी टो करूनच न्यावी.

काट्यावर किती विश्वास ठेवायचा

कमीच. बहुतेक अलीकडच्या गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो; तापमान पाच-दहा अंशांनी हललं तरी तो हलत नाही. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं उपकरण) लावून खरा आकडा बघावा. आणि कूलंट फारच कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो, वाफेत किंवा हवेत उघडा राहतो, आणि काटा उलट खाली येऊ शकतो. गाडी चढाला ओढत असताना काटा अचानक उतरला आणि हीटरमधून थंड हवा यायला लागली तर ते शुभ लक्षण नाही. लगेच थांबायचं, इंजिन बंद करायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकतं.

आकडा ट्रॅफिकमध्ये चढत असेल आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरत असेल, तर फॅन, त्याचा रिले किंवा रेडिएटरपुढे साठलेला कचरा बघा. याउलट वेगात चढत असेल तर रेडिएटर आतून बुजलेला, पंपाचं पातं झिजलेलं, खालचा होज ओढीनं चपटा होणारा, किंवा गॅस्केटमधला वायू.

जे करू नये

गळती बंद करणारी पावडर किंवा द्राव घालणं. हे रसायन भेग ओळखत नाही. जिथे वाट अरुंद तिथे बसतं, आणि सर्वांत अरुंद वाटा हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांच्या असतात. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं ठीक, त्यानंतर सिस्टिम पूर्ण धुवून दोष दुरुस्त करायला हवा.

जास्त आकड्याची कॅप बसवणं. १.१ च्या जागी १.४ लावली की कूलंट बाहेर फेकलं जाणं काही दिवस थांबतं आणि मग रेडिएटरचा सांधा किंवा हीटर कोअर फुटतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणं. इंजिन सतत थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते, आणि मूळ गळती जिथल्या तिथे.

साधं नळाचं पाणी घालत राहणं. क्षार बसतात, गंजरोधक रसायन पातळ होत जातं आणि ॲल्युमिनियम आतून खायला सुरुवात होते. शुद्ध केलेलं डिस्टिल्ड पाणी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचं कूलंट घाला. रंगावरून प्रत ठरवू नका. रंगाचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही, आणि न जमणारी दोन कूलंट मिसळली तर गाळ होतो.

दुरुस्तीनंतर

हेड उतरवलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासायला हवा. पुस्तिकेतली मर्यादा बहुधा मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. ब्लॉकचा माथाही तसाच तपासायचा, तो सहसा राहून जातो. हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या, कारण व्हॉल्व्हच्या सीटमधली भेग डोळ्यांना दिसत नाही आणि नव्या गॅस्केटनं ती बुजत नाही. अनेक इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घ्या, आणि ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या टॉर्कनं कसायला लावा.

कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचे स्क्रू असतील तर त्यांतून बुडबुड्याविना सलग धार येईपर्यंत हळूहळू भरा. शक्य असेल तर व्हॅक्यूमनं भरणं उत्तम, त्यात एअर लॉक राहायला जागाच उरत नाही. फॅन एकदा चालू-बंद होऊ द्या, गाडी गार होऊ द्या, पातळी भरून घ्या.

मग पहिले काही दिवस रोज सकाळी तीच तपासणी: होज मऊ आहे ना, कॅप फिरवताना हवा बाहेर सुटत नाही ना, पातळी चिकटपट्टीच्या खुणेला आहे ना. सुरुवातीला थोडी उतरून ती एका जागी थांबली, तर काम झालं. थांबली नाही पण सकाळी कॅपखाली दाबही उरत नसेल, तर टेस्टर पुन्हा लावा आणि ज्या जोडांना दुरुस्तीत हात लागला तिथून सुरुवात करा. सकाळी पुन्हा फुस्स आवाज आला, तर भरताना राहिलेली हवा आधी नीट काढून घ्या आणि लगेच रासायनिक चाचणी करा. दुरुस्ती करणाऱ्यासमोरच करता आली तर अधिक बरं, म्हणजे वाद राहत नाही.